परकीय अपप्रचार आणि हेमलकशाचा धडा

जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. एड्सचा रोग अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत निर्माण झाला, असा त्यात दावा होता. तो सोव्हिएत हेरखात्याचा बनाव होता. १९९२ मध्ये रशियन हेरखात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनीच तशी कबुली दिली. दुसऱ्या गोटाचे हातही स्वच्छ नव्हते. ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या संस्थेमागे सी.आय.ए.चा पैसा होता, हे १९६७ मध्ये जगजाहीर झाले. तिच्या व्यासपीठावर जयप्रकाशांसारखे प्रामाणिक समाजवादीही होते. प्रामाणिकपणा हे चिलखत नव्हे, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

परकीय अपप्रचार हे वास्तव आहे. परंतु त्यावरील सत्ताधाऱ्यांचा तोडगा ठरलेला असतो: ‘परकीय हाता’कडे बोट दाखवायचे आणि देशातली तोंडे बंद करायची. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. २०२३ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीच्या मजकुराचा खरेखोटेपणा आपल्याच कक्षाने ठरवावा, असा नियम केला. आरोपीनेच न्यायासनावर बसण्याचा हा प्रकार मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला. ज्या देशात सरकारचे खोटे उघडे पाडता येत नाही, तो देश परक्यांचे खोटे कसे ओळखणार?

मग लोकशाहीने आपले रक्षण करावे कसे? उत्तर भामरागडच्या जंगलात सापडते. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा माडिया आदिवासी बाहेरच्या डॉक्टरांकडे फिरकत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या लुबाडणूकच वाट्याला आलेल्यांचा तो शहाणा संशय होता. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया भाषा शिकले, रोगी बरे होऊ लागले, १९७६ मध्ये शाळा निघाली. विश्वास हुकमाने मिळाला नाही. तो सेवेने मिळवावा लागला. जेथे असा दवाखाना आहे, तेथे रोगाविषयीची अफवा दुबळी पडते.

याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गाव अभ्यासगटात प्रश्नाची छाननी करते आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेते. अशा गावाला फसविणे सोपे नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगाव अभ्यासगट उभारावेत. बातमी कोणाची, पैसा कोणाचा, लाभ कोणाचा, हे तीन प्रश्न तेथे विचारले जावेत. आणि ते पक्षाच्या पत्रकालाही लागू असावेत.