विश्लेषण : संग्रहालयानेच रेसिंग कार विकायला काढली तर…?

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी झाल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. देशभर बातम्या झाल्या, शहराची कॉलर ताठ झाली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये एकच जुनी मर्सिडीज ५ कोटी ११ लाख युरोंना विकली गेली, म्हणजे साधारण ४६० कोटी रुपयांना! विकणारा कुणी श्रीमंत शौकीन नव्हता. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या मोटार शर्यत संग्रहालयाने ती विक्रीला काढली होती.

गाडीत एवढे काय आहे?

ही मर्सिडीज डब्ल्यू १९६ आर. याच जातीच्या गाड्यांवर अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फॅन्जिओ १९५४ आणि १९५५ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरला. विकली गेलेली गाडी त्याने जानेवारी १९५५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या शर्यतीत पळवली आणि जिंकली. तेव्हा तिची चारही चाके उघडी होती. त्याच वर्षी इटलीतल्या मोंझासाठी याच सांगाड्यावर चाके झाकणारे, वारा कापणारे चंदेरी कवच चढवले गेले. तिथे स्टर्लिंग मॉसने सर्वात वेगवान फेरी नोंदवली, पण गाडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. जून १९५५ मध्ये ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजचीच दुसरी एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक जण दगावले होते. त्या वर्षाअखेर कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. अवघी दोन वर्षे पळालेल्या गाड्यांची किंमत चढण्यामागे हेही कारण आहे.

मग विकली कशासाठी?

मर्सिडीजने १९६५ मध्ये ही गाडी संग्रहालयाला भेट दिली होती. भेटवस्तू विकायची का, हा प्रश्न इथेच बोचतो. संग्रहालयाचे म्हणणे असे की, आमचा विषय इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत; तिच्याशी संबंध नसलेल्या गाड्या विकून जतनासाठी कायमचा निधी उभारायचा. जगभरातल्या संग्रहालयांच्या संघटनेची आचारसंहिताही अशा विक्रीला सरसकट मनाई करत नाही; पैसा संग्रहासाठीच वापरा, एवढी तिची अट आहे. ती पाळली तर या विक्रीला पाप म्हणता येणार नाही. छत गळत असताना तळघरात शंभर वस्तू कुजवण्यापेक्षा एक विकून बाकीच्या नीट सांभाळलेल्या बऱ्या.

तरी नुकसान होतेच. तिकीट काढून कुणाही शाळकरी पोराला पाहता येत होती, ती गाडी आता नव्या मालकाच्या मर्जीवर गेली. तो दाखवेल तेव्हाच दिसणार. त्यामुळे विकण्याआधी दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयाला वाजवी किमतीत घेण्याची पहिली संधी मिळायला हवी. लिलावात मात्र खिसा मोठा त्याचीच सरशी होते.

आपल्या शहराचा काय संबंध?

इंडियानापोलिसपाशी विकायला तरी काहीतरी होते. वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या दुचाकी-तीनचाकी तयार होत आहेत. शेंद्र्यातून २००१ च्या सुमारास स्कोडाची ऑक्टाव्हिया बाहेर पडू लागली, पुढे ऑडीही आली. सुट्या भागांचे कारखाने तर गल्लोगल्ली. वेरूळ-अजिंठ्याचा वारसा सांगताना थकत नाही, ते शहर गेल्या चाळीस वर्षांच्या या वारशाला मात्र भंगाराच्या भावाने मोजते.

कायदाही मदतीला येत नाही. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली, पण तीही ज्याने गाडी हौसेने जपली त्याच्यासाठी. चाळीस वर्षांपूर्वीची रिक्षा यांपैकी कशातच बसत नाही, आणि शंभरी भरेपर्यंत तिचा पत्राही उरणार नाही.

वाळूजवरूनच जाणाऱ्या नगर रस्त्याने पुढे अहिल्यानगर गाठले की लष्कराचे रणगाडा संग्रहालय लागते. रणगाडे जपायला कुणी त्यांची शंभरी भरण्याची वाट पाहिली नाही. इथे सुरुवात करायला ४६० कोटी लागत नाहीत. औद्योगिक वसाहतीतली एक रिकामी शेड, कंपन्यांनी द्यायची प्रत्येक मॉडेलची एकेक गाडी आणि ती खोलून-जोडून दाखवू शकणारे निवृत्त कामगार, एवढ्यावर भागेल. हे कामगार आज साठी-सत्तरीत आहेत.