गोष्टीला पत्ता हवा

युथ फेस्टिव्हल जवळ आला की पथनाट्यांच्या तालमी सुरू होतात. विषयांत ऊसतोड कामगार हमखास असतो. डोक्याला फडकं, हातात कोयता, शेवटी एक किंकाळी आणि टाळ्या. कधी कधी नंबरही येतो. फडावरच्या भाकरीत त्याने काय फरक पडला, हे मात्र कुणी विचारत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या इमोकलीत टोमॅटो तोडणारे मजूर मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले. भाषा वेगळ्या, अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे १९९०च्या दशकात त्यांनी संघटना बांधली ती चित्रं आणि छोट्या नाटुकल्यांतून. ३२ पौंडांची, म्हणजे साडेचौदा किलोची बादली आणि तिचे मिळणारे ४०-४५ सेंट, हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नसे. रोज तीच खांद्यावर असायची! २०००च्या त्यांच्या मोर्चात स्वातंत्र्यदेवीचा मोठा पुतळा होता. सावळी देवी, मशालीच्या जागी टोमॅटो, दुसऱ्या हातात बादली.

इथवर आपणही पोचतो. त्यांनी पुढे गोष्टीवर पत्ता लिहिला. टोमॅटो घेणाऱ्या टॅको बेल या साखळीवर २००१मध्ये बहिष्कार पुकारला आणि प्रमुख मागणी ठेवली, पौंडामागे एक सेंट जास्त द्या. या कंपनीचं गिऱ्हाईक कोण? कॉलेजची पोरं. त्यांनी अनेक कॅम्पसमधून टॅको बेलला हाकललं. २००५मध्ये कंपनीने मागणी मान्य केली, २००७मध्ये मॅकडोनाल्ड्सनेही.

आता आपल्या फडावर या. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेऊन बीडहून निघालेलं जोडपं कित्येक महिने गावाबाहेर राहतं. रेशन कार्ड असतं गावातलं. ‘वन नेशन वन रेशन कार्ड’ योजनेत दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य मिळायला हवं, म्हातारी माणसं गावी असतील तर थोडं इथे, थोडं तिथे. नाटकात हे कधी ऐकलंय? नाही, कारण यात रडायला वाव नाही आणि परीक्षकांचे डोळेही पाणावत नाहीत.

म्हणून यंदा तालमीआधी दोन-तीन जणांनी कारखान्याजवळच्या टोळीवर जा. धान्य मिळतं का, दुकानदार काय सांगतो, अंगठा लागतो का, ते विचारा. बायकांना आधी विचारा, पहाटे चूल त्याच पेटवतात. त्यांना हवं असेल तर संवाद त्यांनाच सांगू द्या. आणि पहिला प्रयोग फेस्टिव्हलमध्ये नको, तहसील कचेरीच्या दारात करा.