हिशोबाची वही उघडवत नाही? तो आळस नाही, ती भीती आहे



प्रत्येक बॅचमध्ये मी पहिल्याच दिवशी सांगते, "रोजचा हिशोब लिहा." आणि महिन्याभराने तेच उत्तर येतं, "मॅडम, कळतं सगळं, पण होत नाही. आठ दिवस लिहितो, मग सुटतं."

मी त्यांना रागवत नाही, कारण मला तो अधिकारच नाही. बीबीए केलं, अकाउंटिंगचे पेपर पास झाले, आणि तरी स्वतःच्या मॅचिंग सेंटरचा हिशोब मी दोन वर्षं लिहिला नव्हता. दिवाळीत वहीपूजन व्हायचं, पहिल्या पानावर 'श्री' लिहायचं, दहा-बारा पानं भरायची, पुढे वही कोरी. घरचे म्हणायचे आळशी आहे. मलाही तेच वाटायचं.

आज माझं मत वेगळं आहे. सवय टिकत नाही तेव्हा बहुतेक वेळा शिस्त कमी नसते, शरीर घाबरलेलं असतं. ते शांत झाल्याशिवाय कुठलाही मोटिव्हेशनचा डोस आठ दिवसांच्या पुढे जात नाही.

काकांचा फोन

अस्तर आणि रुबियाचा माल देणाऱ्या एका काकांचं माझ्याकडे देणं होतं. त्यांचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा, हाताला घाम सुटायचा. मी उचलत नव्हते. रिंग थांबली की हायसं वाटायचं. वहीचंही तसंच. उघडली की छाती भरून यायची, मिटली की बरं वाटायचं.

त्याच काळात समोरच्या गल्लीत नवं दुकान उघडलं. रात्री साडेअकराला मी घाबरून ठरवलं, १२० चा ब्लाउजपीस ९५ ला द्यायचा. खरेदी होती ९२. त्यावर ट्रान्सपोर्ट आणि पिशवी धरली तर ९८. वही उघडली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. श्रावणापासून गणपतीपर्यंत गिऱ्हाईक भरपूर आलं आणि प्रत्येक पीसमागे मी तीन रुपये घालवले.

मार्चमध्ये काका स्वतः दुकानात आले. स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, पैसे नसतील तर नाही म्हणा, पण फोन उचलत जा. तुम्ही उचलला नाही की मला वाटतं पैसे बुडाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं खाली ठेवून मी वही घेऊन बसले. मनातल्या मनात देणं तीन लाखांच्या वर गेलं होतं. प्रत्यक्षात निघालं १,१२,०००. शिलाईवाल्या ताईंकडून येणं होतं ८६,०००. त्यातले ९,००० बुडीत धरले तरी खड्डा ३५,००० चा. रक्कम लहान नव्हती, पण दोन वर्षांची झोप घालवण्याएवढी मोठीही नव्हती.

शरीरात काय चालतं?

अंगावर कुत्रं धावून आलं की आपण विचार करत बसत नाही. अॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, पचन मंदावतं. लढायचं किंवा पळायचं, ही ती तयारी. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी हे मांडलं. अडचण अशी की शरीराला कुत्रं आणि देणेकऱ्याचा फोन यातला फरक फारसा कळत नाही. कुत्रं दोन मिनिटांत निघून जातं. देणं महिनोन्‌महिने राहतं आणि धोक्याची घंटा आत वाजतच राहते.

त्यात दुसरी गोष्ट. वही मिटली की जे हायसं वाटतं, ते शरीराला मिळालेलं बक्षीस असतं. प्रत्येक वेळी शरीर शिकतं, 'टाळलं की सुटका होते.' म्हणजे हिशोब लिहायची सवय लागत नाही, पण हिशोब टाळायची सवय पक्की होत जाते.

आणि पैशाची काळजी बुद्धीही खाते. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. तेच शेतकरी ऊस तुटण्याआधी, हात तंग असताना, डोक्याला ताण देणाऱ्या चाचण्यांत कमी पडले आणि पैसे हातात आल्यावर जास्त चांगले ठरले. माणूस तोच. म्हणून तंगीत चुकीचा निर्णय झाला तर स्वतःला मूर्ख म्हणू नका. त्या वेळी डोकं अर्धं काळजीत अडकलेलं होतं.

"श्वास घेऊन उधारी वसूल होते का?"

हा प्रश्न बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, आणि बरोबर विचारतं. नाही होत. श्वासाने हप्ता भरला जात नाही. पण शांत शरीर तुम्हाला दहा मिनिटं देतं, आणि त्या दहा मिनिटांत वही उघडता येते, फोन लावता येतो. मी जे केलं ते सांगते.

१. वेळ बदलली. रात्री दुकान वाढवल्यावर दमलेल्या डोक्याने हिशोब करायचा नाही. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी, दहा मिनिटं.

२. आधी दोन मिनिटं श्वास. चार आकडे मोजत आत, सहा ते आठ मोजत सावकाश बाहेर. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाला 'हळू' असा निरोप जातो, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबायचं.

३. पहिले आठ दिवस एकच ओळ. कालची विक्री आणि गल्ल्यातली रोकड. बेरीज नाही, नफा-तोटा नाही. 'वही उघडली आणि काही वाईट झालं नाही', एवढंच शरीराला शिकवायचं.

४. दुसऱ्या आठवड्यात देण्याची यादी. मग त्यातल्या एकालाच फोन, रक्कम आणि तारीख ठरवून. मी काकांना दर शनिवारी ४,००० सांगितले. ते लगेच हो म्हणाले.

५. रात्रीचा निर्णय नाही. भाव कमी करणं, मोठी ऑर्डर देणं, कामावरच्या मुलाला काढणं, सगळं सकाळी. शिवाय पाचनंतर चहा बंद. झोप सुधारायला मला याचा फार उपयोग झाला.

जिथे माझं पटत नाही

'झोप कमी करा, पहाटे चारला उठा, स्वतःला रगडा' हे ऐकायला छान वाटतं. पण आधीच घाबरलेल्या माणसाला अजून हाकललं तर तो अजून टाळतो. दुसऱ्या बाजूला, फक्त डोळे मिटून बसा, सगळं ठीक होईल, हेही मला मान्य नाही. खासगी सावकाराचं महिना तीन टक्के व्याज चालू असेल तर आधी ते कर्ज कमी करायला लागेल. शांतता ही सुरुवात आहे, पुढचं काम आपल्यालाच करायचंय.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. छातीत दुखत असेल तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. आठवडेच्या आठवडे झोप नसेल तरी डॉक्टरांना दाखवा. जीव नकोसा वाटत असेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो. धंदा पुन्हा उभा करता येतो.

माझी वही आता चार वर्षं सलग भरलेली आहे. काकांचं देणं त्याच वर्षी फिटलं. अजूनही त्यांचा फोन आला की क्षणभर पोटात हलतं. मी एक लांब श्वास सोडते आणि फोन उचलते.

उद्या सकाळी तुम्हीही एकच ओळ लिहून बघा. बेरीज नंतर करू.