लेथ बंद का आहे?

गेल्या रविवारी काकाच्या वर्कशॉपवर गेलो होतो. भोसरीत सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी शेड चालू. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि पाच माणसं, एवढाच पसारा.

शिरलो तर एक लेथ बंद आणि त्यावरचा ऑपरेटर निवांत मशीन पुसतोय. टीम लीड झाल्यापासून मला एक रोग जडलाय, रिकामा माणूस दिसला की डोळ्यात खुपतो. न राहवून विचारलंच, "काका, लेथ बंद का? ऑर्डर नाहीये का?"

"ऑर्डर भरपूर आहे रे. पण ग्राइंडरवर तासाला बाराच जॉब निघतात. लेथवर तीस काढून ठेवू कुठे, माझ्या डोक्यावर?"

काकाचं शिक्षण आयटीआय. पण एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली 'द गोल' या (चक्क!) कादंबरीतून हेच सांगितलं होतं. कारखान्याचा वेग म्हणजे त्यातल्या सगळ्यात हळू मशीनचा वेग. लेथ कितीही पळवा, माल बाहेर पडणार तासाला बाराच. वरचे अठरा साचणार, आठ तासांत १४४! त्यात पैसा अडकणार, आणि लेथची सेटिंग चुकली असेल तर कळेपर्यंत सगळा ढीग भंगारात. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी सात प्रकारची नासाडी सांगितली, त्यात गरजेपेक्षा जास्त उत्पादन त्यांना सगळ्यात वाईट वाटायचं ते यामुळेच.

काका आणखी दोन गोष्टी करतो. ग्राइंडर जेवणाच्या सुट्टीतही थांबत नाही, लेथवाला तिथे उभा राहतो. आणि प्रत्येक जॉब ग्राइंडरवर चढवण्याआधी मापून घेतात. खराब जॉबवर ग्राइंडरची पाच मिनिटं का घालवायची?

परत येताना नाशिक फाट्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि एकदम आमची तीन वर्षांपूर्वीची टीम आठवली. आठ डेव्हलपर, एक टेस्टर. तिच्याकडून आठवड्याला दहा कामं तपासून व्हायची, आम्ही पाठवायचो पंधरा. बारा आठवड्यांत साठ कामांची रांग. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम अगदी सोपा आहे: रांगेतली कामं भागिले निघण्याचा वेग, म्हणजे थांबण्याचा काळ. साठ भागिले दहा, सहा आठवडे. तोपर्यंत डेव्हलपरला स्वतःचाच कोड आठवेनासा होतो.

मी उपाय काय केला? आणखी दोन डेव्हलपर घेतले!

ती रात्री नऊ-नऊपर्यंत बसायची. एकदा म्हणाली, "अर्ध्या स्क्रीन तर उघडतसुद्धा नाहीत, जरा बघून देत जा ना." मी म्हणालो, "डेव्हलपरचा वेळ महाग असतो." आणि अप्रेजलमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं, 'कामाचा वेग वाढवण्याची गरज'. काही महिन्यांत तिने राजीनामा दिला.

लोक म्हणतात, सॉफ्टवेअर म्हणजे काही कारखाना नव्हे, इथे प्रत्येक काम वेगळं. मान्य. पण म्हणूनच इथे मोकळा वेळ जास्त लागतो. कामं कधीही येणार आणि प्रत्येकाला कितीही वेळ लागणार, असं धरून रांगेचं साधं गणित मांडलं, तर माणूस ८०% बिझी असताना एका कामाला सरासरी जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ ते रांगेत थांबतं. ९०% ला नऊपट. आणि आम्ही टाइमशीटमध्ये १००% मागतो! वर विचारतो, डिलिव्हरी लेट का?

माझं मत आता पक्कं झालंय. 'कोण रिकामं बसलंय' हा प्रश्नच चुकीचा. काम कुठे अडलंय ते बघा आणि रिकाम्या माणसाला तिथे हात लावायला पाठवा. डेव्हलपरने आपलं काम स्वतः चालवून बघितल्याशिवाय पुढे ढकलायचं नाही, हा नियम मी या सोमवारपासून लावलाय. कुरकुर सुरू झालीच आहे, असो.

त्या अप्रेजलमधलं वाक्य आता काही बदलता येणार नाही. काल तिला मेल लिहायला बसलो. लिटल, गोल्डरॅट, ग्राइंडर सगळं लिहिलं आणि खोडलं. शेवटी 'तुझा वेग कमी नव्हता, चूक माझी होती' एवढंच पाठवलं.

तुमच्या ऑफिसात कोणाला 'स्लो' म्हणत असतील, तर आधी त्यांच्या टेबलावरचा ढीग कोणी रचलाय ते बघा. कदाचित तुम्हीच असाल.