सोळावी खोली
ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ई-वन कार्ड बसवलं, हिरवा दिवा लागला, की निम्मे लोक हात झटकून चहाला जातात. दिवा फक्त तार पोचल्याचं सांगतो. भारतात चालणारी ई-वन लाइन म्हणजे ३२ खोल्यांची चाळ, दर खोलीला सेकंदाला ६४ किलोबिट. शून्य नंबरची खोली ताल धरायला, सोळावी निरोपांना, उरलेल्या ३० आवाजाला. फोन आला, उचलला, ठेवला, हे सगळं सोळावीतून कळतं. म्हणून तिथली भाषा दोन्हीकडे एकच हवी. पलीकडे टेलिफोन कंपनीने आयएसडीएन आणि इकडे आपण जुनं आर-टू निवडलं, तर लाइन जिवंत, फोन मुका. आयएसडीएनमध्ये पुन्हा एक टोक ‘नेटवर्क’, दुसरं ‘युजर’ लागतं. दोघंही नवरदेव झाले तर लग्न कसं लागायचं? पण खरा छळवादी घोळ घड्याळाचा. कार्डाने वेळ कंपनीच्या लाइनवरून घ्यायची. ते स्वतःच्याच घड्याळावर चालत राहिलं, तर फोन लागतात, बोलणंही होतं, फक्त मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो आणि फॅक्सचं पान अर्धंच उतरतं. मग सगळे (मीही त्यात आलो) केबल बदलत बसतात.