रंगात पाणी, दोष हवेचा

श्रावण लागला की रायपुरात मूर्तिकारांच्या मांडवांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळू लागतात. माना भागातील बंगाली कारागीर असोत किंवा दुर्गजवळच्या थनौद गावातले मूर्तिकार, सर्वांचे वर्षाचे गणित भाद्रपदातल्या चतुर्थीवर बसलेले असते. मातीकाम झालेले असते, मूर्ती वाळलेली असते, आता फक्त रंग उरलेला असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत एअरब्रश दगा देतो. गणपतीच्या गालावर गुलाबी छटा उतरत असताना मध्येच 'फट्' असा आवाज येतो आणि ओल्या रंगावर पाण्याचा थेंब उडतो. छटा फाटते. ती पुसून, वाळवून, पुन्हा रंगवण्यात तास-दीड तास जातो. चतुर्थी काही त्याच्यासाठी थांबत नाही.

घरी केक सजवणाऱ्या गृहिणींनाही हाच अनुभव येतो. साखरेच्या गुळगुळीत आवरणावर पाण्याचा एक थेंब पडला की तिथे खळगा पडतो आणि तो झाकता येत नाही. मोटारसायकलच्या टाकीवर चित्र काढणारे तरुण, छोटी विमाने रंगवणारे शाळकरी छांदिष्ट, सर्वांची तक्रार एकच असते. बहुतेक जण दोष ब्रशला देतात. ब्रश खोलला जातो, सुई बदलली जाते, नवा ब्रशही येतो. थेंब मात्र येतच राहतात, कारण पाणी ब्रशमध्ये नसतेच. ते हवेतून येते.

पाणी येते कुठून?

हवेत पाण्याची वाफ असते आणि ती किती मावेल याला मर्यादा असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असेल, तर तेवढ्या हवेत २४ ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसरने ही हवा साठ पौंडांपर्यंत दाबली की ती साधारण पाचव्या हिश्शाच्या जागेत कोंबली जाते. तेवढ्या जागेत, हवा पुन्हा ३० अंशांवर आली की, केवळ ६ ग्रॅम वाफ मावते. उरलेल्या १८ ग्रॅमचे पाणी होते. मिनिटाला २०-२५ लिटर हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर पाऊण तासात एक घनमीटर हवा ओढतो. म्हणजे पाऊण तासाच्या कामात चहाचे साडेतीन चमचे पाणी यंत्रात जमा होते.

याच हिशेबाने मे महिन्याचेही उत्तर मिळते. रायपूरच्या कडक उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २० टक्के किंवा त्याहूनही कमी असते. ती पाचपट झाली तरी जेमतेम शंभरावर पोहोचते, म्हणून पाणी पडत नाही. उन्हाळ्यात शिकलेला छांदिष्ट पावसाळ्यात गोंधळतो तो यामुळेच. यंत्र तेच असते, हवा बदललेली असते.

मात्र उन्हाळ्यातही एक चूक घरोघरी होते. खोलीत पाण्याचा कूलर चालू असतो आणि कॉम्प्रेसर त्याच्या शेजारीच ठेवलेला असतो. कूलरची दमट हवा ओढली, की भर मे महिन्यात श्रावणाचा त्रास सुरू होतो. कॉम्प्रेसर कूलरपासून दूर, कोरड्या खोलीत ठेवावा.

आधी खात्री करा

प्रत्येक थेंब पाण्याचाच असतो असे नाही. ब्रशमध्ये रंग न भरता, स्वच्छ पांढऱ्या कागदावर दोन-तीन मिनिटे नुसती हवा सोडावी. ओले ठिपके उमटले आणि थोड्या वेळात वाळून गेले, तर ते पाणी. ठिपका वाळला नाही आणि कागद तेथे पारदर्शक दिसू लागला, तर ते कॉम्प्रेसरचे तेल. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून बनवलेल्या यंत्रांत हे बऱ्याचदा आढळते आणि केकसाठी असे यंत्र मुळीच वापरू नये. कागद कोराच राहिला, तर हवा निर्दोष आहे. मग सुईच्या टोकावर वाळलेला रंग किंवा फार दाट रंग हेच कारण समजावे.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. लॅकरसारख्या झटपट वाळणाऱ्या रंगावर पावसाळ्यात पांढुरकी साय धरल्यासारखी झाक येते. रंगातले द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि खोलीतला ओलावा त्यावर बसतो. यात कॉम्प्रेसरचा दोष नाही. अशा दिवशी लॅकरचे काम पुढे ढकलावे किंवा सावकाश वाळणारे थिनर वापरावे.

गाळणी लावूनही पाणी का येते?

पाणी अडवण्यासाठी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वाटीचा ट्रॅप मिळतो. तो पुष्कळांकडे असतोही, पण यंत्राच्या डोक्यालाच बसवलेला असतो. तेथे हवा गरम असते. गरम हवेत पाणी वाफेच्या रूपातच असते आणि वाफ ट्रॅपमधून सरळ पुढे निघून जाते. पुढे नळीत ती थंड होते आणि तिचे थेंब होतात. म्हणजे पाणी अडवणाऱ्याची गाठ पाण्याशी पडतच नाही. आधी हवा थंड करावी, मग पाणी अडवावे. साऱ्या उपायांचे मर्म एवढेच आहे.

टाकी असलेल्या कॉम्प्रेसरमध्ये हवा टाकीत थांबते, निवते आणि पाणी तळाशी बसते. म्हणून सतत काम करणाऱ्याने टाकीचेच यंत्र घ्यावे. टाकी नसेल, तर फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तीन-चार मीटर तांब्याची नळी आणून तिचे वेटोळे करावे व ते पाण्याच्या बादलीत बुडवावे. नळी कॉम्प्रेसर आणि ट्रॅपच्या मध्ये जोडावी. बर्फाची गरज नाही, साधे पाणी पुरते. बादली विजेच्या बोर्डापासून आणि वायरपासून दूर असावी. ट्रॅप उभा आणि नळीच्या सर्वांत खालच्या जागी बसवावा, म्हणजे पाणी आपोआप त्याच्याकडे ओघळेल.

दाबाचाही उपयोग करून घेता येतो. टाकीत दाब साठ पौंडांच्या आसपास ठेवावा आणि ट्रॅपनंतर रेग्युलेटरने तो ब्रशपुरता, वीस-पंचवीस पौंडांवर आणावा. दाब उतरला की हवा पुन्हा पसरते आणि तिला जास्त वाफ सामावता येते. त्यामुळे पुढच्या नळीत पाणी धरत नाही. यंत्र उकाड्यात आणि ब्रश वातानुकूलित खोलीत असा प्रकार मात्र टाळावा. नळी थंड खोलीत शिरली की हवा निवते आणि थेंब पुन्हा जमतात. यंत्रही त्याच खोलीत आणावे.

एवढे करूनही नाजूक कामाला बारीक ओलावा नडत असेल, तर ट्रॅपच्या पुढे सिलिका जेलची नळकांडी लावावी. हे खडे ओले झाले की रंग बदलतात आणि तापवून कोरडे केले की पुन्हा वापरता येतात. ओलाव्याने गुलाबी होणाऱ्या निळ्या खड्यांत कोबाल्टचा विषारी क्षार असतो. ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा केकच्या ओव्हनमध्ये कधीही तापवू नयेत.

टाकीतले पाणी विसरू नका

थेंबाने बिघडलेला रंग पुन्हा देता येतो, टाकीची गोष्ट तशी नाही. तळाशी राहिलेले पाणी लोखंडाला आतून खात असते. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आत पत्रा पातळ होत जातो. असा पत्रा दाबाखाली फाटला, तर त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. हे यंत्र घरात, मुलांच्या वावरात असते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून रोज काम संपल्यावर प्लग काढावा, दाब बराचसा उतरवावा आणि टाकीखालचा ड्रेन कॉक तोंड बाजूला ठेवून हळूहळू उघडावा. पावसाळ्यात कामाच्या मध्येही दर तासाला ट्रॅपची वाटी रिकामी करावी. बाहेर येणारे पाणी तांबूस दिसू लागले, तर आत गंज धरला आहे असे समजून टाकी जाणकाराकडून तपासून घ्यावी. टाकीला सुईएवढे भोक जरी पडले, तरी ते वेल्डिंगने किंवा लुकणाने बुजवू नये. ती टाकी भंगारात द्यावी. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला नाही ना, हेही अधूनमधून पाहावे.

यासाठी खर्च फारसा नाही. तांब्याची नळी, एक ट्रॅप आणि रोजची पाच मिनिटे पुरतात. मूर्तिकाराची चतुर्थी चुकत नाही, गृहिणीचा केक वाया जात नाही आणि घरातल्या कोपऱ्यातले यंत्र धोक्याचे होत नाही. रायपूरचा पाऊस सप्टेंबरअखेरपर्यंत राहणारच. टाकीचा कॉक उघडण्याची सवय मात्र बाराही महिने ठेवावी.