खेळ हाताचा की वेगाचा?

गोव्यात बनलेली ‘सॅन स्टॉर्म’ मी दसऱ्याला घेतली; जुनीच, पण माझ्या दारी नवी. दोन आसने, १,१४९ सीसीचे रेनॉ इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर. संगमनेरात जो तो विचारतो, “किती पळते हो?” प्रश्नच चुकीचा! चंदनापुरी घाट उतरताना दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडी आवरून धरते, ब्रेक तापत नाहीत. हे कसब हाताला येणे, हाच खरा खेळ. ॲक्सिलरेटर काय, कोणीही दाबेल! नाशिक-पुणे रस्त्यावर अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीला तुमच्या वेगाचे कौतुक नसते. वाचकहो, या दिवाळीत मुलांच्या हाती किल्ली द्याल, तर आधी गाडी आवरायला शिकवा. पळवायला ती आपोआप शिकतात.